पोस्टग्रेस पेढीवर: भरवसा पक्का, पहिला दिवस मेहनतीचा

सौदे चालू आहेत, तीन कॉम्प्युटरवर पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशोब) पडताहेत आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, त्यामुळे तिन्ही एकदम बंद. वीज आल्यावर शेवटची पट्टी जागेवर असते का? सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत करणारी पेढी, मिरजेतली पतसंस्था किंवा विट्याकडचे दूध संकलन केंद्र, कोणालाही डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवणारे सॉफ्टवेअर, निवडताना आधी हेच विचारायला हवे. वेग, किंमत, दिसणे हे सगळे त्यानंतर.

हे परीक्षण पोस्टग्रेस या डेटाबेसचे आहे. मारियाडीबी आणि एसक्यूलाइट हे दुसरे दोन डेटाबेस तुलनेपुरते येतील, कारण आपल्याकडच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या पोटात बहुधा या तिघांपैकीच एक असते.

वरच्या प्रश्नाचे उत्तर आधी. पोस्टग्रेसमध्ये पट्टी सेव्ह केली की ती नोंद प्रथम एका वेगळ्या रोजनाम्यात लिहिली जाते. त्याला वॉल म्हणतात आणि त्याच्या फाइली १६ एमबीच्या असतात. ती नोंद डिस्कवर टेकली की मगच पोस्टग्रेस ‘झाले’ म्हणते. मुख्य टेबलात (कायमच्या नोंदींच्या तक्त्यात) ती मागाहून सवडीने उतरते. मध्येच वीज गेली तर सुरू होताना पोस्टग्रेस तो रोजनामा पुढे वाचत जाते आणि राहिलेल्या नोंदी टेबलात बसवते. पोस्टग्रेसच्या संदेशांच्या लॉग फाइलीत ‘डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप दुरुस्ती चालू आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. ती पाहून घाबरायचे कारण नाही. पेढीच्या आकाराच्या डेटाला या कामाला सहसा मिनिटही लागत नाही. स्क्रीनवर ‘सेव्ह झाले’ आलेली पट्टी सापडते आणि अर्धवट राहिलेली पूर्ण गायब असते. शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम चढली पण व्यापाऱ्याच्या नावे पडली नाही, असे अर्धेमुर्धे काही उरत नाही. मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ‘सगळे किंवा काहीच नाही’ अशा एका गटात, घातलेल्या असायला हव्यात. ते नसेल तर दोष डेटाबेसचा नाही.

या भरवशाला एक अट आहे: डिस्क खरे बोलणारी हवी. काही स्वस्त एसएसडी ‘लिहिले’ असे कळवतात तेव्हा माहिती अजून त्यांच्या आतल्या कॅशमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) असते. वीज गेली की ती जाते आणि रोजनाम्यालाच भोक पडते. म्हणून सर्व्हरच्या कॉम्प्युटरला वीज गेल्यावर कॅश वाचवणारी एसएसडी घ्या. विकत घेताना ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का’ हे स्पष्ट विचारा. तेवढे बजेट नसेल तर निदान त्या एका कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी वेळेवर बदला. नोंद खरोखर डिस्कवर टेकल्याची खात्री करणारी एफसिंक नावाची सेटिंग पोस्टग्रेसमध्ये आहे. ‘वेग वाढवा’ म्हणून ती बंद करायला सांगणारे व्हिडिओ दिसतात, पण ती कधीही बंद करू नका. वेग हवाच असेल तर सिंक्रोनस कमिट ही वेगळी सेटिंग बंद करता येते. तिच्यात अपघाताने शेवटच्या काही नोंदी जातील, पण डेटाबेस मोडत नाही. एफसिंक बंद असताना वीज गेली तर पूर्ण डेटाबेसच हातचा जाऊ शकतो.

भरवशाचा आणखी एक दाखला मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये लक्षात आले की डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदाच कळवते, आणि पोस्टग्रेसने पुन्हा विचारले तर ‘सगळे ठीक’ असे उत्तर मिळू शकते. अशा वेळी गप्प राहून पुढे जाण्यापेक्षा थेट थांबायचे, असा बदल पोस्टग्रेसच्या मंडळींनी फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्ती-आवृत्त्यांत केला. हिशोबाच्या सॉफ्टवेअरकडून नेमके हेच हवे असते. चुकीचा आकडा दाखवत चालू राहणाऱ्या यंत्रापेक्षा बंद पडलेले यंत्र परवडते. याच धर्तीवर चेकसम आहे, म्हणजे प्रत्येक पानाची पडताळणी-संख्या. १८ व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसला ती आपोआप चालू असते. आधीच्या आवृत्तीत बसवतानाच मागून घ्यावी लागते. राहून गेली असेल तर १२ पासून पुढे डेटाबेस बंद करून पीजी_चेकसम्स या साधनाने चालू करता येते.

आता वीज गेल्यावर हमखास ऐकू येणारी तक्रार: ‘पावती १२०४ नंतर एकदम १२३७ कशी आली?’ मधल्या पावत्या हरवलेल्या नाहीत. आपोआप वाढणारे नंबर पोस्टग्रेस सीक्वेन्स नावाच्या मोजणी-यंत्रणेतून देते आणि वेगासाठी रोजनाम्यात पुढचे ३२ नंबर आधीच वापरल्यासारखे लिहून ठेवते. यंत्र अचानक बंद पडले की ते नंबर वाया जातात. शिवाय एखादी पावती सेव्ह करताना रद्द झाली तरी तिचा नंबर परत मिळत नाही. आतल्या ओळखीसाठी हे चालते, पण जीएसटी बिलाला चालत नाही. त्या नियमात बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा लागतो. म्हणून बिल नंबरासाठी वेगळे टेबल ठेवा: आर्थिक वर्ष, मालिका, शेवटचा नंबर. बिल सेव्ह होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळीत एक वाढवा आणि वाढलेला आकडा घ्या. सेव्ह होतानाच बिल रद्द झाले तर वाढही मागे फिरते. दोन काउंटर एकदम आले तर दुसऱ्याला क्षणभर थांबावे लागते. पेढीवर ते कोणाला जाणवतही नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास दिसते की ती उदाहरणानेच दाखवावी. बारा पोती हळद, वजन ५ क्विंटल ८३ किलो ४०० ग्रॅम, दर क्विंटलला १४,२५० रुपये. रक्कम ८३,१३४ रुपये ५० पैसे. पट्टी पूर्ण रुपयांत करायची आहे. रक्कम न्यूमेरिक (अचूक दशांश आकडा) प्रकारात ठेवून राउंड केली तर ८३,१३५ येतात. तीच डबल प्रिसिजनमध्ये (जवळपासचा आकडा ठेवणारा प्रकार) ठेवली तर बहुतेक यंत्रांवर ८३,१३४ येतात, कारण तिथे नेमका अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे वळायची रीत असते. एका पट्टीत एक रुपया. हंगामात अशा शेकडो पट्ट्या झाल्या की खतावणी आणि रोजकीर्द जुळत नाही आणि मुनीम रात्री उशिरापर्यंत एक रुपया शोधत बसतात. रकमेला न्यूमेरिक १४,२ (एकूण १४ अंक, त्यांतले २ दशांशाचे) आणि क्विंटलमधल्या वजनाला न्यूमेरिक १०,३ ठेवा. फ्लोट आणि डबल हिशोबाच्या टेबलात नकोतच.

मारियाडीबी आणि त्याचे मूळ घराणे मायएसक्यूएल यांची जाण असलेला माणूस सांगलीत पटकन मिळतो, हा त्यांचा मोठा फायदा आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टात झॅम्प (मारियाडीबी सोबत आणणारे पॅकेज) बसवलेली मुलेच पुढे ही कामे घेतात. इनोडीबी प्रकारची टेबले असतील तर वीज गेल्यावर मारियाडीबीही नीट उभे राहते. फटका बसतो तो जुन्या मायआयसॅम टेबलांना. ती ट्रान्झॅक्शन पाळत नाहीत. वीज गेली की ‘टेबल क्रॅश झाले’ असा शेरा येतो, दुरुस्ती करावी लागते आणि तिच्यात ओळी जाऊ शकतात. आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की एकही टेबल मायआयसॅममध्ये आहे का. असेल तर बदलून घ्या, पेढीच्या आकाराला ते काम मिनिटांचे आहे. आणि झॅम्प शिकायला उत्तम आहे, पण पेढीवर नको. मूळ मांडणीत मुख्य वापरकर्त्याला पासवर्डच नसतो, आणि ते प्रत्यक्ष वापरासाठी नाही असे बनवणारेच सांगतात.

एसक्यूलाइटला कमी लेखू नका. सगळा डेटाबेस एकाच फाइलीत असतो, बसवायला काही लागत नाही, आणि वीज गेली तरी ते सावरते. एकच काउंटर असेल तर पोस्टग्रेसचा खटाटोप कशाला? पण ती फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून तीन कॉम्प्युटरवरून उघडली की ‘डेटाबेस लॉक्ड’ सुरू होते, आणि लॉक नीट न पाळणाऱ्या नेटवर्कवर फाइल बिघडूही शकते. एका वेळी एकच जण लिहू शकतो, हा त्याचा मूळ स्वभाव आहे. शिवाय आकड्याच्या रकान्यात ‘बारा’ असे अक्षरी लिहिले तरी ते मुकाट ठेवून घेते. २०२१ पासून स्ट्रिक्ट, म्हणजे आकडा-अक्षर हा भेद काटेकोर पाळणारे, टेबल करायची सोय आहे, ती वापरा. पोस्टग्रेस असे काही चालवून घेत नाही. तारखेच्या जागी ३१ जून आला तर तिथल्या तिथे नकार देते. सुरुवातीला हा हेकेखोरपणा नकोसा वाटतो. वर्षअखेरीला ताळेबंद करताना त्याचे मोल कळते.

बसवणे सोपे आहे का? अर्धे आहे. विंडोजवर इन्स्टॉलर पासवर्ड आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) विचारतो. पोर्ट ५४३२ राहू द्या आणि पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. सोबत पीजीअ‍ॅडमिन येते, त्यातून टेबले बघता येतात. पीएसक्यूएल या आज्ञा लिहायच्या साधनाच्या काळ्या खिडकीत विंडोजवर मराठी बहुधा चौकोनांत दिसते. डेटा बिघडलेला नसतो, ती खिडकी देवनागरी नीट दाखवत नाही इतकेच. अँटिव्हायरसमध्ये डेटा फोल्डर वगळायला विसरू नका, नाहीतर तो फाइली अडवून धरतो आणि पोस्टग्रेस कारण नसताना अडखळते. उबुंटूवर एका आज्ञेत काम होते, २४.०४ मध्ये १६ वी आवृत्ती मिळते. तिथे नवख्याला पहिली ठेच ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ या ओळीची लागते. लिनक्समध्ये ज्या नावाने बसलात तेच नाव डेटाबेसमध्ये हवे, एवढाच तिचा अर्थ. पहिल्यांदा पोस्टग्रेस या वापरकर्त्याच्या नावाने आत जा आणि पेढीच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळा रोल (डेटाबेसमधला वापरकर्ता) व पासवर्ड तयार करा.

खरा वेळ जातो दुसरा कॉम्प्युटर जोडताना. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या यंत्राचेच ऐकते, म्हणून तीन ठिकाणी हात घालावा लागतो. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ या फाइलीत लिसन अ‍ॅड्रेसेस (कोणत्या पत्त्यांवर ऐकायचे) बदलायचे आणि सर्व्हिस पूर्ण बंद करून चालू करायची. पीजी_एचबीए.कॉन्फ मध्ये १९२.१६८.१.०/२४ सारखा आपल्या ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता आणि स्क्रॅम-शा-२५६ ही पासवर्ड तपासायची पद्धत लिहायची. इथे नुसते रीलोड पुरते. तिसरे, फायरवॉलमध्ये ५४३२ उघडायचे, तेही ऑफिसच्या नेटवर्कपुरतेच. अडले तर चूक सांगणारी ओळ नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर पोस्टग्रेस त्या पत्त्यावर ऐकतच नाही, म्हणजे पहिली पायरी चुकली. बराच वेळ थांबून टाइम-आउट झाले तर बहुधा फायरवॉल. ‘पीजी_एचबीए मध्ये नोंद नाही’ असे आले तर दारापर्यंत पोचलात, फक्त यादीत नाव नाही. एवढा फरक ओळखता आला तर अर्धा दिवस वाचतो. घाईत त्या पद्धतीच्या जागी ‘ट्रस्ट’ लिहून मोकळे होणारे असतात. मग वायफायवर आलेला कोणीही पासवर्डशिवाय खाती उघडू शकतो.

मेमरीच्या सेटिंगवर फार डोके घालू नका. मूळ शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) १२८ एमबी असतात. फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या ८ जीबीच्या यंत्रावर ते २ जीबी करा. एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट (डिस्कवरचे विखुरलेले वाचायला किती महाग, याचा अंदाज) ४ वरून १.१ वर आणा. दिवसाला हजार पट्ट्या धरल्या तरी वर्षाला चार लाखांच्या आत ओळी होतात. पोस्टग्रेसला हे काहीच नाही.

पेढीवर ‘सॉफ्टवेअर हँग झाले’ म्हणतात त्यामागे पुष्कळदा लॉक असतो. ऑपरेटरने एका शेतकऱ्याचे खाते दुरुस्तीला उघडले, प्रोग्रॅमने ट्रान्झॅक्शन सुरू करून ती ओळ धरून ठेवली, आणि ऑपरेटर जेवायला गेला. तेच खाते दुसऱ्या काउंटरवर हवे असले की तिथला स्क्रीन गोठतो. मग कोणीतरी सर्व्हरच बंद करून चालू करतो आणि सगळ्यांचे काम जाते. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हे टेबल बघा. स्थितीच्या रकान्यात ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसले की गुन्हेगार सापडला. त्याच ओळीत कोणत्या कॉम्प्युटरवरून आणि कधीपासून हेही असते. तेवढे एक कनेक्शन तोडा. कायमचा उपाय म्हणून आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट १० मिनिटांवर ठेवा, म्हणजे पोस्टग्रेस स्वतःच ते सोडवते. सॉफ्टवेअरवाल्यालाही सांगा की फॉर्म उघडा असताना ट्रान्झॅक्शन चालू ठेवायचे नाही. सेव्ह दाबल्यावर सुरू करून तिथेच संपवायचे.

मराठीच्या बाबतीत पोस्टग्रेस चांगले आहे, पण आपोआप नाही. डेटाबेस यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवायची पद्धत) मध्येच बनवा. क्रमवारी तपासा: नुसत्या कोडक्रमाने ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणजे ‘काळे’ हे नाव ‘कावरे’च्या आधी लागते आणि सभासदांची यादी छापील यादीशी जुळत नाही. यादी मागताना एमआर-एक्स-आयसीयू हे कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) लावा आणि ळ, क्ष, ज्ञ असलेली दहा नावे घालून निकाल स्वतः पाहा.

याहून चिवट दुखणे कऱ्हाडचे आहे. त्या नावातला ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे एकच अक्षर घेऊन, र ला खाली नुक्ता लावून, किंवा र् नंतर न दिसणारा जोडक घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ती तीन वेगळी गावे. शोधले की निम्मे शेतकरी सापडत नाहीत आणि गाववार बेरीज चुकते. १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरीतला जोडक रिप्लेस वापरून स्वतः बदलावा लागतो. हे सफाईचे काम नाव सेव्ह होण्याआधी करा आणि गावाच्या रकान्यावर ‘नॉर्मलाइझ झालेलेच हवे’ अशी चेक कंस्ट्रेंट (डेटाबेस स्वतः तपासतो ती अट) घाला. त्याहून बरे म्हणजे गावांची एक यादी करून पट्टीत फक्त गावाचा कोड ठेवणे. वऱ्हाडपासून गोऱ्ह्यांपर्यंत सगळ्यांना हाच नियम लागतो. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला पतसंस्थांचा डेटा मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून मगच आणा. तो आत इंग्रजी अक्षरांतच असतो आणि तसाच ओतला तर निव्वळ कचरा दिसतो.

लिनक्सवाल्यांसाठी एक सूचना. ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली की अक्षरांच्या क्रमाचे नियमही बदलू शकतात. मग नावावरचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने. सभासद टेबलात आहे पण शोधल्यावर ‘नाही’ म्हणते, हे त्याचे लक्षण. अशा अपग्रेडनंतर रीइंडेक्स करा, म्हणजे ती सूची नव्याने बांधा.

बॅकअपसाठी पीजी_डम्प हे डेटाची प्रत काढणारे साधन कस्टम फॉरमॅटमध्ये रोज रात्री चालवा. चालू डेटाबेसचे फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर घेणे म्हणजे बॅकअप नव्हे. मधल्या क्षणाच्या फाइली एकमेकींशी जुळत नाहीत आणि ती कॉपी उभी राहीलच असे नाही. विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावलेल्या बॅकअपची फाइल शून्य बाइटची निघते, याचे नेहमीचे कारण असे: पासवर्डची फाइल तुमच्या लॉगिनच्या फोल्डरात असते आणि टास्क चालतो सिस्टिमच्या खात्यावर. त्याला ती सापडत नाही. टास्क तुमच्याच लॉगिनने चालवा. पीजी_डम्प सर्व्हरपेक्षा जुन्या आवृत्तीचा असेल तर तो साफ नकार देतो. यूजर आणि त्यांचे पासवर्ड त्या फाइलीत येत नाहीत. त्यासाठी पीजी_डम्पऑल ला ‘फक्त ग्लोबल’ सांगून दुसरी छोटी फाइल घ्या. महिन्यातून एकदा बॅकअपची मुख्य फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवा आणि दोन आकडे ताडून पाहा: एकूण पट्ट्यांची संख्या आणि सर्व खात्यांच्या बाकीची बेरीज.

आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावरच्या टेबलाखाली सर्व्हर आणि शेजारच्या कपाटात पेनड्राइव्ह, अशी मांडणी असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. रोजची फाइल एन्क्रिप्ट करून क्लाउडवर किंवा पूररेषेबाहेरच्या घरी पाठवा. मोठ्या पेढीची कस्टम फॉरमॅटची फाइलसुद्धा सहसा काही शे एमबीच्या पुढे जात नाही.

डिस्क भरली तर पीजी_वॉल फोल्डरातल्या फाइली कधीही हाताने उडवू नका. हाच तो रोजनामा. पूर्वी या फोल्डराचे नाव पीजी_एक्सलॉग होते. ‘लॉग’ म्हणजे फालतू समजून लोक तो पुसत आणि डेटाबेस गमावत, म्हणून २०१७ च्या १० व्या आवृत्तीत नावच बदलले. फोल्डर फुगण्याचे कारण बहुधा बंद पडलेली प्रतिकृती (दुसऱ्या यंत्रावरची जुळी प्रत) किंवा रोजनाम्याचा न पोचणारा आर्काइव्ह असते. ते दूर करा, जागा आपोआप सुटते. ऑटोव्हॅक्यूमही बंद करू नका. बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती तोच साफ करतो.

कमी पडते ते मदतीत. पोस्टग्रेस फुकट आहे आणि परवान्याची झंझट नाही, पण रात्री आठला फोन उचलणारे कोणी त्याच्यासोबत येत नाही. सांगली-मिरजेत मायएसक्यूएलचा माणूस सहज मिळतो, पोस्टग्रेसचा शोधावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअर घेतानाच पुरवठादाराकडून लेखी घ्या: बॅकअप उतरवून दाखवणार, पासवर्ड पेढीच्या ताब्यात देणार, आवृत्ती बदलून देणार. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, तेव्हा ती चालवणाऱ्यांनी आता हलवायला घ्यावे.

तीन किंवा जास्त काउंटर, उधारी-बाकीचा हिशोब आणि दहा वर्षे टिकणारी खाती असतील तर पोस्टग्रेसच घ्या. भरवशाला पाचपैकी पाच, बसवण्याच्या सोपेपणाला तीन. एका काउंटरच्या दुकानाला एसक्यूलाइट पुरे. चालू मारियाडीबी इनोडीबीवर नीट चालत असेल तर निव्वळ हौसेखातर बदलू नका. छोट्या दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्या सौदे बंद असतील अशा दिवशी सकाळी, आधी बॅकअप घेऊन बसवा. सर्व्हिस पुन्हा चालू करण्यापुरतेच काम थांबते.